स्वयंपाकाची चूल : तिची रचना व तिचे शास्त्र



घर बांधावयाचे ठरले म्हणजे पुढच्या खोलीची फरशी कोणती असावी, दरवाजास लाकूड कोणते वापरावे, रंग कोणता द्यावा, याविषयी चार जाणत्यांचा सल्ला घेतला जातो. परंतु चूल कोठे असावी, तिचे तोंड किती रुंद असावे, तिचा धूर कोणत्या वाटेने बाहेर जावा, हे प्रश्न बहुधा गवंड्याच्या मर्जीवर व उरलेल्या जागेवर सोपविले जातात. वास्तविक ज्या जागेचा उपयोग वर्षाचे तीनशेपासष्ट दिवस दोन्ही वेळा होतो, तिचा विचार सर्वांच्या आधी झाला पाहिजे. तो न केल्याचा दंड घरधन्यास भरावा लागत नाही. तो घरातील स्त्रिया आपल्या डोळ्यांनी व छातीने भरतात, आणि त्यांच्या मांडीवरची लहान मुलेही भरतात.

आता घरोघर गॅस आला असता चुलीवर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. १ मे २०१६ रोजी पंतप्रधान उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून अनेक गरीब घरांत गॅसची शेगडी पोहोचली, ही मोठी इष्ट गोष्ट झाली. तथापि २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, भारताच्या ग्रामीण भागातील शेकडा सुमारे ४३ कुटुंबेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन मुख्यतः वापरीत होती. आपल्या वाशीम जिल्ह्यातील खेड्यांत तर गॅस व चूल ही दोन्ही एकाच घरात शेजारी नांदताना आपण पाहतो. चहा गॅसवर होतो. पण आंघोळीचे पाणी, डाळ आणि भाकरी चुलीवर होते. तुरी निघाल्या म्हणजे बांधावर तुराट्यांचे भारे पडतात, कापूस संपला म्हणजे पऱ्हाट्या उपटल्या जातात; हे जळण घरचे असते, आणि सिलिंडरला मात्र रोख पैसा लागतो. सारांश, चूल अजून गेलेली नाही. आणि जोपर्यंत ती आहे तोपर्यंत ती नीट असली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लक्ष माणसे अकाली मृत्यू पावली. त्यांत पाच वर्षांखालील दोन लक्षांहून अधिक मुले होती.

चुलीची दोन कामे

चुलीवर आपण काय करतो, हे प्रथम नीट पाहू. डाळ शिजते, भात होतो, पाणी तापते. हे झाले शिजविण्याचे काम. परंतु याच चुलीत वांगे भरतासाठी भाजले जाते, मक्याचे कणीस भाजले जाते, पापड भाजला जातो, ख्रिस्तजयंतीच्या दिवसांत कोणी कोंबडी अथवा मासळी जाळीवर भाजते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर उभी करून शेकली जाते. हे झाले भाजण्याचे काम. ही दोन कामे दिसावयास एकाच आगीची असली, तरी शास्त्रदृष्ट्या ती भिन्न आहेत. हा भेद ध्यानी न घेता बांधलेली चूल कितीही सुबक असली, तरी ती टिकत नाही.

लाकूड पेटते तेव्हा काय होते? प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन जाते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. म्हणून ओले जळण पुष्कळ जाळले तरी भांडे लवकर तापत नाही. लाकूड आणखी तापले म्हणजे त्यातून ज्वलनशील वायू निघू लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा रीतीने वायुरूपाने बाहेर पडतो. हे वायू पुरेसे तापून व त्यांना पुरेशी हवा मिळून जळले म्हणजे ज्वाळा होते. न जळता थंड झाले म्हणजे त्यांचाच धूर होतो. म्हणजे धूर हा वाया गेलेला सरपणाचा भाग होय. शेवटी जो घन कोळसा उरतो तो लाल होऊन जळतो. त्यास आपण निखारा म्हणतो.

शिजविण्यास ज्वाळा पाहिजे. तापलेले वायू भांड्याच्या बुडाशी घासून गेले पाहिजेत. म्हणून आग तीन बाजूंनी बंदिस्त असावी व ज्वाळा आणि भांडे यांत फार अंतर नसावे. भाजण्याचे उलट आहे. भाजण्यास ज्वाळा नको. ज्वाळेने वांगे वरून जळते व आत कच्चे राहते, आणि भाकरीस काजळी लागते. भाजण्यास निखाऱ्याची प्रारित उष्णता, म्हणजे सूर्याच्या उन्हाप्रमाणे सरळ रेषेत येणारी धग पाहिजे. ती धग पदार्थावर पडावयाची असेल, तर निखारा व पदार्थ यांच्यामध्ये आडकाठी नसावी, आणि पदार्थ फिरविण्यास हात व चिमटा मोकळा फिरला पाहिजे. शिजविणारी आग बंदिस्त असावी व भाजणारी आग उघडी असावी, असा हा परस्परविरोध आहे. आणि चुलीच्या रचनेचा सारा प्रश्न या विरोधातून निघतो.

माझी एक चूक

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही, चुकून शिकलो. पदवी घेऊन नुकताच शिक्षक झालो होतो. दिवाळीच्या सुटीत गावी गेलो असता आईचा खोकला पाहून मला वाईट वाटले, आणि एका पुस्तकातील आकृतीवरून मी स्वतः तिच्यासाठी निर्धूर चूल बांधली. दोन भांड्यांची जागा, आतून बोगदा, शेवटी चार इंचांचा नळ छपराबाहेर काढलेला. चुलीचे तोंड पाच इंच रुंद व पाच इंच उंच ठेवले, कारण तोंड लहान असेल तर धूर बाहेर येणार नाही, असे पुस्तकात होते. चूल पेटविली, धूर नळाने निघून गेला, शेजारच्या बायका पाहावयास आल्या. मी समाधानाने परत नोकरीवर गेलो.

नाताळात पुन्हा घरी आलो, तो आई अंगणातील पडवीत तीन दगडांच्या चुलीपुढे वाकून फुंकणीने फुंकीत होती, आणि माझी चूल स्वच्छ सारवून ठेवलेली होती. तिच्यावर पिठाचा डबा होता. मला राग आला. जुने माणूस नवे काही स्वीकारीत नाही, असे मी बोलूनही गेलो. ती रागावली नाही. म्हणाली, "चूल त साजरी झाली, बापा, पण भाकर कुठी उभी करू?"

या एका प्रश्नाने माझी पदवी जागच्या जागी बसली. पाच इंचांच्या तोंडात भाकरी उभी राहत नव्हती. वांगे आत घातले तर ज्वाळेत जळत होते. निखारे पुढे ओढावयास जागाच नव्हती. आमच्या घरात दररोज पंधरा-वीस भाकऱ्या होत, आणि त्या शेकण्यासाठी तिला दुसरी चूल पेटवावीच लागे. मग एकीचे दोन जाळ कशाला, म्हणून तिने पहिलीच सोडली. मी धुराचा विचार केला होता, जळणाचा विचार केला होता. स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा विचार केला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात ती चूल मी पाडली, आणि आईला शेजारी बसवून, तिच्या हाताची वीत व तिच्या तव्याचे माप घेऊन दुसरी बांधली. तिचीच रचना पुढे सांगणार आहे.

पूर्वीच्या लोकांनी काय केले

हा प्रश्न केवळ आपल्या गावाचा नाही. युरोपात शतकानुशतके खोलीच्या भिंतीतील मोठ्या अग्निस्थानात लाकूड जाळीत. त्यावर स्वयंपाक करीत, मांस भाजीत. त्यांची धुराडी एवढी रुंद असत की, बरीच उष्णता वर निघून जाई व धूर मात्र खोलीत परते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे १७५३ साली जन्मलेल्या व पुढे बव्हेरियात अधिकारपदास चढलेल्या बेंजामिन टॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड यांनी याचा कारणशोध केला. १७९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी दाखविले की, अग्निस्थान उथळ करावे, मागील भिंत अरुंद ठेवून बाजूच्या भिंती तिरप्या कराव्यात, म्हणजे धग समोर फेकली जाते. आणि धुराड्याचा गळा सुमारे ४ इंचांपर्यंत अरुंद करावा, म्हणजे धूर वेगाने वर जातो. बाजूच्या तिरप्या भिंतींचा व अरुंद गळ्याचा हा उपाय आपल्याही उपयोगाचा आहे.

आपल्या विदर्भातच वर्धा येथे डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडी हे त्याचे ठाणे, व त्याची धुरा वाहणारे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावरकडील ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ होते. लंडन व न्यूयॉर्क येथे शिकलेल्या या गृहस्थांनी खेड्यातील घाणी, चरखा, मधमाशी व कागद यांच्यासाठी आपली विद्या वेचली. याच मगनवाडीतून १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' पुढे आली. मातीची, आतून धुराची वाट असलेली व धुराडे असलेली ही चूल भारतातील सुधारलेल्या चुलींमध्ये अगदी आरंभीची समजली जाते. परदेशातील मोठ्या पदव्या घेतलेल्या माणसांनी मातीच्या चुलीस हात लावणे हलके मानले नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

पुढे १९८३ च्या अखेरीस भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला व त्यात तीन कोटींहून अधिक चुली दिल्या गेल्या. परंतु चूल देणे व चूल वापरली जाणे यांत अंतर असते. ओडिशातील खेड्यांत रेमा हॅना, एस्थर डफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी धुराडे असलेल्या मातीच्या चुलींची अनेक वर्षे पाहणी केली; तिचा निष्कर्ष २०१६ साली छापून आला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला; पुढे मात्र तो लाभ नाहीसा झाला, कारण चुली नियमाने वापरल्या गेल्या नाहीत व त्यांची दुरुस्तीही झाली नाही. हे वाचले तेव्हा मला पिठाच्या डब्याखालची माझी चूल आठवली.

चुलीची रचना

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. मापे इंचांत व फुटांत दिली आहेत, कारण आपले गवंडी त्याच मापांत बोलतात.

पहिली गोष्ट जागा. चूल बाहेरच्या भिंतीस लागून असावी. दार व खिडकी यांच्या सरळ रेषेत ती नसावी. वाऱ्याच्या झोताने ज्वाळा हलते व धूर खोलीत पसरतो. परंतु खोलीत हवा येण्यास जमिनीलगत एक झरोका अवश्य पाहिजे. धुराडे जेवढी हवा बाहेर नेते, तेवढीच हवा कोठून तरी आत आली पाहिजे. दारे-खिडक्या सर्व बंद केल्या तर उत्तम धुराड्याचाही धूर परततो.

दुसरी गोष्ट कोनाडा. भिंतीशी विटांचा, तीन बाजूंनी बंद व पुढून उघडा असा कोनाडा बांधावा. पुढील उघडी बाजू २४ इंच रुंद व १८ इंच उंच असावी. बाजूच्या भिंती रम्फर्डच्या रीतीने किंचित तिरप्या, मागे अरुंद होत जाणाऱ्या असाव्यात. बसून स्वयंपाक करावयाचा असेल तर तळ जमिनीपासून ६ इंच उंच घ्यावा. उभ्याने करावयाचा असेल तर अडीच फूट उंच ओटा करून त्यावर सर्व रचना करावी.

तिसरी गोष्ट मागचा भाग, म्हणजे शिजविण्याची चूल. कोनाड्याच्या मागच्या अर्ध्या भागात ८ ते ९ इंच रुंदीची चूल मातीने घडवावी. तळापासून ३ इंचांवर लोखंडी सळयांची जाळी बसवावी, म्हणजे राख खाली पडते व जळणास खालून हवा मिळते. जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत ६ ते ७ इंच अंतर ठेवावे. अंतर याहून कमी असेल तर ज्वाळा भांड्यावर आपटून विझते व काजळी धरते. अधिक असेल तर उष्णता वाया जाते. चुलीच्या मातीची भिंत व मागील विटा यांमध्ये दोन-तीन इंच जागा ठेवून तीत कोरडी राख भरावी. जाड माती उष्णता अडवीत नाही, ती स्वतःच शोषून घेते. राखेत हवा अडकलेली असते, म्हणून ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

चौथी गोष्ट पुढचा भाग, म्हणजे भाजण्याची जागा. चुलीच्या तोंडापुढे, कोनाड्याच्या आतच, सुमारे १२ इंच रुंद व ९ इंच खोल असा सपाट विटांचा तळ ठेवावा. चुलीत निखारे झाले म्हणजे ते उलथण्याने या तळावर पुढे ओढावयाचे. दोन्ही बाजूंस विटांचे दोन लहान कट्टे करावेत, एक निखाऱ्यांपासून ३ इंचांवर व दुसरा ५ इंचांवर; त्यांवर लोखंडी जाळी ठेवता येते. पापड व कणीस खालच्या कट्ट्यावर, कोंबडी व मासळी वरच्यावर. मांसातील चरबी निखाऱ्यावर ठिबकली म्हणजे तिचा घातक धूर होऊन तो पदार्थासच चिकटतो. म्हणून निखारे बाजूस सारून ठिबकण्याच्या जागी राखेचे तसराळे ठेवावे. भाकरीसाठी जाळी काढून टाकावी. ती निखाऱ्यांपासून तीन-चार इंचांवर कट्ट्याला टेकून उभी राहते, धग तिच्या तोंडावर पडते व आतील वाफेने ती टम्म फुगते.

चुलीचे तोंड कायमचे लहान करण्याऐवजी एक सुटी वीट ठेवावी. नुसते शिजवावयाचे असेल तेव्हा वीट तोंडाशी सरकवून ते निम्मे बंद करावे. भाजावयाचे असेल तेव्हा वीट काढून घ्यावी. माझ्या पहिल्या चुलीत व दुसऱ्या चुलीत खरा भेद या एका विटेचा आहे.

पाचवी गोष्ट छत्र व धुराडे. कोनाड्यावर पत्र्याचे अथवा विटांचे उतरते छत्र असावे, व त्याची कड पुढच्या तळाच्या सहा इंच पुढे यावी, म्हणजे भाजण्याच्या जागेचा धूरही त्याखाली सापडतो. छत्र वर अरुंद होत ४ इंचांच्या गळ्यास मिळावे. हा गळा नळाएवढा गोल नसून लांबट असावा, म्हणजे ४ इंच रुंद असूनही त्याचे क्षेत्रफळ धुराड्याहून कमी होत नाही. धुराड्याचे माप ठरविण्याचा एक सोपा नियम आहे : उघड्या तोंडाच्या क्षेत्रफळाचा सुमारे दहावा भाग धुराड्याच्या पोकळीस द्यावा. आपले तोंड २४ गुणिले १८, म्हणजे ४३२ चौरस इंच. त्याचा दहावा भाग सुमारे ४३. आठ इंच व्यासाच्या नळाची पोकळी सुमारे ५० चौरस इंच होते. तेव्हा आठ इंचांचा नळ योग्य. चार इंचांच्या नळाची पोकळी साडेबारा चौरस इंचच भरते. म्हणजे व्यास निम्मा केला की वाट चौथाई होते. उघड्या चुलीस चार इंचांचा नळ का पुरत नाही, हे यावरून कळेल.

धुराड्याचे डोके छपराच्या वर निदान तीन फूट असावे, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो उंच भाग असेल त्याहून दोन फूट वर असावे. तप्त धूर हलका असल्याने वर चढतो. नळ जितका उंच व आतून गरम, तितकी ओढ अधिक. पत्र्याचा नळ लाकडी वाशांपासून १८ इंच दूर ठेवावा. गवताच्या छपरातून तर तो मुळीच नेऊ नये, भिंतीतून बाहेर काढावा. नळास खाली एक झाकण ठेवून दर महिन्यास काजळी काढावी.

सहावी गोष्ट माती. आपल्या शेतातील काळी माती चुलीस निरुपयोगी. ती पाण्याने फुगते व उन्हाने आटते, म्हणून तिला भेगा पडतात. जुन्या गावठाणाची पांढरी माती घ्यावी, तीत गव्हाचा भुसा व शेण मिसळून दोन-तीन दिवस भिजू द्यावी, व मग काम करावे. चूल झाल्यावर निदान पंधरवडाभर सावलीत वाळू द्यावी. प्रथम लहान जाळ करावा.

रोडगे व हुरडा यांचा उल्लेख केला नाही, हे कोणाच्या ध्यानी आले असेल. गोवऱ्यांच्या रसरशीत आरात भाजले जाणारे रोडगे व शेतातल्या आगटीतला हुरडा यांना मोकळे आकाशच पाहिजे. ते काम घरात आणू नये.

न दिसणारे विष

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे, आणि तो पालकांनीही लक्षपूर्वक वाचावा. निखाऱ्याचा धूर दिसत नाही, म्हणून तो निर्दोष आहे असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. निखारा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही व वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनास प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. म्हणून तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. माणसाचे डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आणि झोपेत असेल तर तो पुन्हा उठत नाही. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेली कुटुंबे अशा रीतीने नाहीशी झाली आहेत.

म्हणून भाजण्याची जागा छत्राबाहेर कधीही असू नये. निखारे घमेल्यात भरून निजण्याच्या खोलीत नेऊ नयेत. रात्री आर राखेखाली झाकून ठेवण्याची जुनी चाल असेल, तर तो चुलीतच झाकावा व धुराडे उघडे ठेवावे.

परीक्षा

चूल चांगली झाली की नाही, हे डोळ्यांनी न ठरविता मापाने ठरवावे. विद्यार्थ्यांनी घरी पुढील तीन प्रयोग करून वहीत नोंदवावेत. मोठे माणूस जवळ असल्याशिवाय आगीशी जाऊ नये.

१. भांड्यात २ किलो पाणी घ्या. ते ३० अंशांचे असेल तर उकळीस आणण्यास २ गुणिले ७०, म्हणजे १४० किलोकॅलरी लागतात. उकळीपर्यंत किती लाकूड जळले ते तोलून पाहा. एक किलो कोरड्या लाकडात सुमारे ४,००० किलोकॅलरी धरा. ३५० ग्रॅम लाकूड लागले, तर १,४०० पैकी १४० भांड्यात गेल्या. म्हणजे शेकडा १०. तेच काम २०० ग्रॅमांत झाले, तर शेकडा साडेसतरा. जुन्या व नव्या चुलीचा आकडा काढून तुलना करा.

२. चूल पेटलेली असता छत्राच्या कडेशी जळती उदबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला जातो की खोलीत येतो, ते पाहा. मग खिडकी बंद करून पुन्हा पाहा, व फरक लिहा.

३. स्वयंपाकघरात पांढऱ्या कापडाचा तुकडा आठ दिवस टांगून ठेवा; तेवढेच आठ दिवस दुसरा तुकडा दुसऱ्या खोलीत. शेवटी दोन्ही शेजारी ठेवा.

आणि चौथी परीक्षा अशी आहे की, तिला तागडी लागत नाही. महिन्याने स्वयंपाकघरात जा व चुलीवर काय आहे ते पाहा. तवा असेल तर रचना साधली. पिठाचा डबा असेल तर आईस विचारा, आणि ती जे सांगेल ते लिहून घ्या.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात एक प्रसंग आहे. पुनरुत्थित प्रभू तिबिर्य समुद्राच्या काठी पहाटे उभा असतो. रात्रभर श्रमलेले शिष्य किनाऱ्यास लागतात, तो तेथे कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी व जवळ भाकर अशी तयारी त्यांना दिसते. ज्याला सर्व अधिकार दिलेला होता, त्याने भुकेल्यांसाठी स्वतः विस्तव पेटविला. आपल्या घरी हे काम रोज पहाटे कोण करते, हे आपण सर्व जाणतो. त्या माणसाच्या डोळ्यांत धूर जाऊ नये आणि तिच्या भाकरीस जागा असावी, एवढे शास्त्र जरी आपण शिकून आचरणात आणले, तरी या शाळेतील पदार्थविज्ञानाचा अभ्यास सार्थकी लागला असे मी समजेन.